यंदा मरायचं नाही

५ जानेवारी, बेटावरून

ताई,

पोचलो. हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचण्यासारखी बातमी नाही. यंदा मला पहिल्या अर्ध्या तासात मरायचं नाहीये!

दिग्दर्शकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी म्हणे पटकथा लिहिलेलीच नाही. सुरुवात तेवढी ठरलीय: जहाज फुटतं, सहा माणसं ओसाड बेटाला लागतात, खायला-प्यायला काही नाही, सुटकेचा मार्ग नाही. पुढे कोण मरतं, कोण वाचतं, ते साहेबांनाही ठाऊक नाही. "शेवट बेट ठरवेल," असं म्हणून ते बराच वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले. मग आम्हीही बघितलं. मला काही दिसलं नाही, पण सहातला कोणीही वाचू शकतो म्हणजे मीही वाचू शकतो, हे लगेच डोक्यात आलं.

मी जहाजावरचा स्वयंपाकी. कप्तान म्हणजे आपला हिरो, त्याच्या केसांसाठी एक माणूस वेगळा आलाय. मग एक डॉक्टरीणबाई, एक व्यापारी, एक खलाशी, आणि म्हातारा प्रवासी म्हणून कोण असेल? आपले नाटकवाले काका! ज्यांच्या कंपनीत मी पडदा ओढायचो, तेच. मला बघून म्हणाले, "तू अजून आहेस?" मी म्हटलं, "या वेळी बहुतेक शेवटपर्यंत आहे."

जेवणाची नुसती चंगळ आहे. सिनेमा उपासमारीचा, पण सकाळी अंडी तीन तऱ्हेची, दुपारी मासे, चहाबरोबर केक. हिरोची फाटकी पँट कालच कमरेत उसवून सैल करावी लागली.

नियम एकच. बेट सोडायचं नाही. जो सोडून गेला तो सिनेमात मेला. फोन इथे नाही, लाँच आठवड्याला सामान आणि टपाल घेऊन येते, तेवढाच काय तो जगाशी संबंध.

आईला सांग. माझे सिनेमे बघायचे तिने सोडले, तिला मी दोष देत नाही. पण हा आला की तिला थेटरात नेऊन बसवायचंच. मी शेवटी उभा दिसलो पाहिजे आणि तिने ते बघितलं पाहिजे. मला या सिनेमातून दुसरं काही नको.

तुझा धाकटा


१३ जानेवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र दुकानात मिळालं. एका बाईंच्या कोटाची चेन बदलत होते, टाचण्या तोंडात तशाच धरून वाचलं. हसू आलं आणि टाचणी गिळता गिळता राहिले.

आईला वाचून दाखवलं तर तिला खरंच वाटेना. "खाली नीट बघ, विषबाधा वगैरे लिहिलं असेल," म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? एकदा तुला गोळी लागली, एकदा वाघाने नेलं, एकदा आगगाडीच्या टपावरून पडलास. त्या राजाच्या सिनेमात तर पडद्यावर आलास काय, राजाच्या पेल्यातलं चाखलंस काय आणि आडवा झालास काय. आई उभी राहून "अरे थुंक, थुंक!" म्हणून ओरडली होती, आठवतं ना? पुढच्या रांगेतला एक माणूस घाबरून खरंच थुंकला. दुसऱ्या दिवशी समोरच्या मावशी तोंड पाडून भेटायला आल्या. तेव्हापासून तुझा सिनेमा लागला की मी एकटीच जाऊन येते, आणि मी चपला काढायच्या आत आई विचारते, "कशाने गेला?"

म्हणून सांगते, तिला उगीच आशेला लावू नकोस. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलीय की यंदा आमचा जगणार आहे.

पत्राबरोबर पाठवलेला तुझा फोटो मिळाला. ते सदऱ्याला पडलेलं भोक बघून मला राहवलं नाही. माणूस झाडाझुडपांतून फिरला तर कपडा कोपरात नाहीतर काखेत जातो. तुझा नेमका छातीवर फाटलाय, आणि तोही कात्रीने. असो, साहेबांना दाखवू नकोस.

आई सांगते ते तसंच्या तसं लिहिते: "पाण्याच्या कडेला उभा राहू नकोस. शेवटी कोणाला तरी वाचवतातच, त्या माणसाला चिकटून राहा. साहेबांना उलट बोलू नकोस. अंडी मिळतायत तोवर खाऊन घे."

तुझी ताई


२८ जानेवारी, बेटावरून

ताई,

आईचा सल्ला लाखमोलाचा. "अंडी खाऊन घे" ही ओळ काकांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

झालं असं, की साहेबांनी पहिलं चित्रीकरण बघितलं आणि त्यांचं टाळकं सटकलं. "उपाशी माणसं म्हणून मी तुम्हाला आणलं, तुम्ही सहलीला आल्यासारखे दिसता!" त्याच दिवशी स्वयंपाकाचा तंबू बंद. खरी भूक लागल्याशिवाय खरा अभिनय होत नाही, हे त्यांचं तत्त्व. आता आम्हाला सकाळी एक उकडलेला बटाटा मिळतो आणि संध्याकाळी एक. तब्येतीला फार मानवलंय. अंग कसं हलकं वाटतं. उठताना जरा भिंत धरावी लागते, पण भिंत नसल्यामुळे काकांना धरतो.

लाँचही आता या बाजूला येत नाही. "लाँच दिसली की तुमच्या डोळ्यांत आशा येते, आणि ती कॅमेऱ्यात दिसते," असं साहेब म्हणाले. म्हणून ती बेटाच्या मागच्या अंगाला लागते, तीही कधीमधी. साहेबांचा आणि कॅमेरावाल्यांचा तंबू तिकडेच हलवलाय. वारा फिरला की तिकडून भाजलेल्या कोंबडीचा वास येतो. दिग्दर्शकाने भुकेपासून अंतर राखलं तरच त्याला ती नीट दिसते, असं त्यांनीच समजावून सांगितलं. मोठा माणूस आहे.

दोघं गेले. म्हणजे सिनेमात गेले. व्यापाऱ्याने दुसरा बटाटा मागितला. संध्याकाळी साहेबांना एकदम आठवलं की या समुद्रात शार्क आहेत. खलाशाची दाढ ठणकायला लागली, तो रडत रडत लाँचवर चढला, तर साहेबांनी पुतळ्याला त्याचे कपडे घालून कड्यावरून ढकलला. वर म्हणाले, पुतळ्याने जास्त बरं काम केलं.

राहिलो चौघं. आता इथे काय चाललंय म्हणून सांगू! हिरो साहेबांच्या डोक्यावर छत्री धरतो. डॉक्टरीणबाई साहेबांच्या बालपणाच्या गोष्टी ऐकून डोळे पुसतात. काका प्रत्येक शॉटनंतर "असं आम्हाला रंगभूमीवर जन्मात जमलं नाही" म्हणतात. मी साहेबांच्या विनोदांना हसतो. ते विनोद नव्हते असं कधी कधी नंतर कळतं.

पण मी आहे, ताई. अजून आहे. आईला सांग.

तुझा धाकटा


७ फेब्रुवारी

धाकट्या,

दोन बटाट्यांवर माणूस हलका होत नाही, वाळतो. मला शेंड्या लावू नकोस. मी रोज लोकांच्या कमरा मोजते. तू परत येशील तेव्हा मी टेप लावणार आहे.

आणि काय रे, त्या साहेबांना मोठा माणूस म्हणताना तुझी जीभ अडखळली नाही? कोंबडी खाणाऱ्याने उपाशी माणसाला भूक शिकवायची आणि तुम्ही माना डोलवायच्या. तुमची कमाल आहे बाबा.

इकडे सगळं ठीक. आई मजेत. हल्ली बाहेर पडत नाही, पलंगावरूनच हुकूम सोडते. मी दुकान अर्धाच वेळ उघडते. थंडीत गिऱ्हाईक कमी असतं. समोरच्या मावशी दुपारी आईजवळ बसतात. रंगात आल्या की दोघी तुझ्या साहेबांना शिव्या घालतात.

आईचा निरोप: "मी ठणठणीत आहे. हातात घेतलेलं काम पुरं करूनच ये. मध्येच येऊ नकोस. ताई काही लिहील तिकडे लक्ष देऊ नकोस. मी अगदी ठणठणीत आहे."

तुझी ताई


२० फेब्रुवारी, बेटावरून

ताई,

आईला म्हणावं, इतकं बजावायला नको, मी येत नाही. पलंगावरून हुकूम सोडते हे वाचून फार बरं वाटलं. जन्मभर राबली, आता जरा राणीसारखी बसू दे.

आणि आता ऐक. तुझा भाऊ जगणार!

मंगळवारी आगीचा शॉट होता. बेटावरची माणसं धूर करून मदत मागतात, तो. साहेबांनी अर्धी टेकडीभर पालापाचोळा पेटवायला लावला. वाळूत दगडांनी ही मोठी अक्षरं मांडली, वाचवा म्हणून. चिंध्यांचे झेंडे करून आम्ही चौघं किनाऱ्यावर बोंबलत होतो. बोंबलायला अभिनय लागत नव्हता, आदल्या दिवशी बटाटासुद्धा अर्धाच आला होता.

तर समुद्रातून खरोखरची होडी आली! मासेमारी करणारे लोक होते. धूर बघून जाळी टाकून धावत आले बिचारे. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्याकडे पावांनी भरलेली पिशवी. कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारून "घाबरू नका, आलो, आलो" करत आमच्याकडे यायला लागले. डॉक्टरीणबाईंना तर हुंदकाच फुटला.

आणि साहेब ओरडले, "कट! कट! कोण आहेत ही माणसं? फ्रेमच्या बाहेर काढा त्यांना!"

कोळ्यांना काही कळेना. त्यांना वाटलं, साहेब भुकेने भ्रमिष्ट झालेत. त्यांनी आधी त्यांनाच उचलून होडीकडे न्यायला घेतलं. साहेब हवेत पाय झाडतायत, "हे सगळं खोटं आहे!" म्हणून किंचाळतायत, आणि म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतोय, "होतं असं उन्हाने, बाळा, होतं."

आम्ही चौघं नुसते बघत होतो. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "तू! हाकल यांना!"

ताई, मी हाकललं. धावत गेलो, साहेबांना सोडवलं, पाण्याचा कॅन परत होडीत टाकला, पावांची पिशवी टाकली, वाळूतले दगड उचलून त्यांच्या दिशेने फेकलेसुद्धा. लागतील असे नाही फेकले. ते लोक परत चढले तरी मागे वळून वळून बघत होते. काकांनी गडबडीत एक पाव सदऱ्यात लपवला होता, तो नंतर आम्ही चौघांनी वाटून खाल्ला.

संध्याकाळी साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यात जगण्याची जिद्द आहे. शेवटी तू उरशील." सगळ्यांच्या देखत! हिरोच्या हातातली छत्री कलंडली. दोन आठवड्यांनी शेवटचा प्रसंग आहे, त्यात सुटकेची बोट येते आणि तिच्यात मी चढतो. एकटा मी. आईला आजच सांग. तिला नवं पातळ घे थेटरात जायला.

तुझा धाकटा, चिरंजीव


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. फक्त "जगणार आहे" एवढंच सांगितलं. ती रडली. पाव आणि पाणी घेऊन आलेल्या माणसांना तू दगड मारलेस, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

अरे, तुला लाज कशी वाटली नाही? उपाशी तू, तहानलेला तू, ती माणसं आपला धंदा टाकून आली, आणि तू हाकललंस कोणासाठी? तर कोंबडी खाऊन भुकेवर प्रवचन देणाऱ्यासाठी. वर ते आनंदाची बातमी म्हणून कळवतोस! मी पत्र वाचून इतकी संतापले की एका साहेबांची पँट एका पायाला आखूड कापली. ते आता रोज दुकानात येऊन भांडतायत.

आता दुसरं. आईने मला शपथ घातली होती, ती मोडते. जानेवारीच्या शेवटी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलंय. म्हणून ती पलंगावर आहे. राणी वगैरे काही नाही. आधी डॉक्टर म्हणाले आपोआप जुळेल, आता म्हणतात ऑपरेशन करायला हवं, पुढच्या शुक्रवारी. तिच्या वयाला भूल सोसेल की नाही, तेही नक्की सांगत नाहीत. कागदावर सही माझी एकटीची. सुईत दोरा ओवला जात नाही रे.

तुला कळवू नको म्हणाली. "तो आला की तिकडे मरेल," म्हणते. हट्टच धरलाय. मला वाटलं तू आपण होऊन समजशील. नाही समजलास. माझंच चुकलं, मी फार चांगलं लपवलं.

काय करायचं ते तू ठरव. मी ये म्हणत नाही. पण मला एकटीने तिला आत पाठवायचं नाहीये.

तुझी ताई


४ मार्च, बंदरावरून

ताई,

पत्र काल हाती आलं. लाँच निघून गेली होती. आज सकाळी परत धूर केला होता, परत तेच कोळी आले. किती भली माणसं. मी त्यांच्या होडीत चढलो.

निघालोय. उद्या रात्रीपर्यंत पोचतो. मी सिनेमात मेलो. आईला आत्ता काही सांगू नकोस.

धाकटा


८ ऑक्टोबर

ताई,

आई वॉकर घेऊन जिना उतरते हे वाचून जीव भांड्यात पडला. मी निघालो तेव्हा पलंगावरून खालीसुद्धा उतरत नव्हती. इकडे माझं बरं चाललंय. रेडिओवर खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत सुरुवातीला जो खोकतो तो मी. औषध घेतल्यावर जो बोलतो तो दुसरा.

लिहायचं कारण असं, की बेटावरचा सिनेमा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे लागतोय. आईला नेऊ नकोस. काहीही निमित्त कर. मी तिला इतके महिने "जगलो, जगलो" म्हणत आलो, भूल उतरताना तिने पहिलं "सिनेमात जगलास ना?" असंच विचारलं होतं, तेव्हा खरं सांगायची छातीच झाली नाही. मला पहिल्या खेळाचं बोलावणंसुद्धा आलं नाही, म्हणजे साहेबांनी मला हालहाल करून मारलं असणार. साहेब मारायला निघाले की हात आखडत नाहीत. मगर आणली असेल. आईला ते बघवणार नाही.

तुझा धाकटा


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र शुक्रवारी आलं, आणि आम्ही सिनेमा गुरुवारी बघितला. आईने दोन आठवडे आधीच मावशींच्या जावयाकडून तिकिटं आणवून ठेवली होती. नवं पातळ, केसांना तेल, वॉकरला फडकं मारून चकचकीत केलेलं. शेजारपाजारच्या सगळ्या जणी बरोबर.

तुला फोनवर सांगितलं असतं, पण आईचा आवाज चढला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

तू मेलेला नाहीस.

बाकी सगळे मेले. हिरो, डॉक्टरीणबाई, काका, सगळे एकेक करून तडफडून मेले. तू अगदी शेवटच्या रिळापर्यंत होतास. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मग होडी आली. तू पाण्यातून धावत गेलास आणि चढलास. आई मोठ्याने म्हणाली, "वाचला! वाचला गं माझा!" मावशींनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं.

आणि मग पडद्यावर तू होडीत उभा राहिलास, किनाऱ्यावरच्या त्या तिघांकडे बघितलंस आणि हात हलवलास. टाटा केल्यासारखा. एकदा नाही, चांगला बराच वेळ. वर व्हायोलिन वाजत होतं. म्हातारे काका उठून दोन पावलं चालले आणि मटकन बसले. तू हलवतोयस आपला हात. होडी निघून गेली. त्यानंतर ते तिघं कसे मेले ते दाखवलं, ते मी लिहीत नाही.

थेटरात एक माणूस "हरामखोर" म्हणाला. तुला.

आई उठली आणि वॉकर घेऊन चालायला लागली. घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "होडीत जागा होती. चार माणसं सहज बसली असती. मी बघितली ना जागा." मी म्हटलं, अगं सिनेमा आहे. तर म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला सोडून गेला. वर हात हलवतो. मेला असता तर चार टिपं गाळून मोकळी झाले असते. आता लोकांना तोंड कसं दाखवू?"

पेपरात साहेबांची मुलाखत आलीय. होडीतून जाणारा स्वयंपाकी म्हणजे माणसाच्या निर्दय स्वार्थाचं प्रतीक आहे, आणि हा शेवट त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होता, असं छापलंय. मावशींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींना नको तिथे वाचनाची हौस.

आई तुझं नाव काढत नाहीये. काय झालं होतं तिथे, ते मला खरं लिही.

तुझी ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र आईलाच वाचून दाखव. सगळं, एकही ओळ न गाळता.

त्या दिवशी होडी आली तेव्हा कॅमेरा चालू होता, हे मला ठाऊकच नव्हतं. तुझं पत्र खिशात होतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी धावत जाऊन होडीत चढलो. तो म्हातारा कोळी म्हणाला, "बाकीच्यांना बोलाव, सगळ्यांना नेतो." ज्याच्यावर मी दगड फेकले होते, तोच.

मी बोलावत होतो, ताई. "या, या, जागा आहे, सगळ्यांना जागा आहे!" घसा फाटेस्तोवर ओरडलो. हात हलवत होतो तो त्यासाठी. टाटा कोण करेल, वेड लागलंय का मला? काका उठले, दोन पावलं आले. मग त्यांनी साहेबांकडे वळून बघितलं. मी गेलो म्हणजे तिघंच उरले होते. ते परत खाली बसले. हिरो आणि बाई तर उठलेसुद्धा नाहीत.

गेल्या महिन्यात काका भेटले. रस्त्यातच माझा हात धरून उभे राहिले. म्हणाले, "तू बोलावत होतास, मला स्वच्छ ऐकू येत होतं. पण त्याच दिवशी दुपारी माझा क्लोजअप होता रे. सगळं आयुष्य रंगमंचावर मागच्या रांगेत काढलं, चेहरा कोणाला दिसला नाही." दुपारच्या क्लोजअपमध्ये त्यांना मारून टाकलं. फार छान मेले म्हणतात सगळे.

मला का नाही मारलं, तेही त्यांच्याकडूनच कळलं. साहेबांनी पुतळ्याला माझे कपडे घालून तो समुद्रात बुडवायचं ठरवलं होतं. पण पुतळा लाटेबरोबर वाहून गेला, दुसरा नव्हता. मग ते होडीचं रीळ हाती लागलं. त्यातला माझा आवाज पुसला आणि व्हायोलिन घातलं. आणि आता म्हणे हा शेवट पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात होता!

आईला म्हण, मला शेवटपर्यंत जिवंत दिसायचं होतं ते फक्त तिच्यासाठी. तिला माझी शरम वाटावी म्हणून नव्हे. तिचा विश्वास नसेल तर काकांना घरी घेऊन येतो, त्यांच्या तोंडून ऐक म्हणावं.

तुझा धाकटा


६ नोव्हेंबर

धाकट्या,

काकांना आणायची गरज नाही.

पत्र वाचून दाखवलं. बोलावत होतास तो भाग आईने तीनदा वाचायला लावला. मग विचारलं, "खरंच घसा फाटेस्तोवर?" मी म्हटलं, तसं लिहिलंय. पदराने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. माझं पोर असं नाही." मग कोट मागितला.

मला वाटलं, मावशींकडे चालली असेल. मी दुकानात आले. तासाभराने थेटरचा मॅनेजर घाम पुसत दारात. "बाई, तुमच्या आईंना जरा आवरा. आमच्या गेटवर उभ्या आहेत."

गेले धावत. तर आई वॉकर धरून तिकिटं फाडणाऱ्याच्या शेजारी उभी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, "तो स्वयंपाकी माझा मुलगा आहे. शेवटी होडीतून हात हलवतो ना, तो निरोप देत नाहीये, बोलावतोय. आवाज पुसलाय त्याचा. नीट बघा." लोक थबकत होते, कोणी हसत होतं, कोणी माना हलवत होतं. मॅनेजर म्हणाला, "अहो, या शेवट आधीच सांगून टाकतात!" आई त्याच्यावरच घसरली. "शेवट तुमच्या त्या साहेबाने खोटा सांगितलाय, मी खरा सांगतेय."

मघाचा खेळ सुटला. एक तरुण जोडपं मुद्दाम तिच्याजवळ आलं. मुलगी म्हणाली, "आजी, आम्ही नीट बघितलं हो, पण आम्हाला तो टाटाच वाटला." आईने तिचा हात धरला, स्वतःचा हात वर करून दाखवला, तू करतोस तसा. "बघ, तळवा कुठे वळतोय? आत वळतोय की बाहेर?" ती मुलगी आपलाही हात वर करून बघत राहिली. मग त्या मुलाने जाऊन परत दोन तिकिटं काढली.

अंधार पडायला लागला होता. तिचा पाय सुजलेला मला कोटाखालूनही कळत होता. मी म्हटलं, आई, आता घरी चल, उद्या परत येऊ. तर मलाच बाजूला सारून म्हणाली, "अजून एक खेळ आहे. त्यातल्या लोकांना कोण सांगणार?"

मी तिला दुकानातून खुर्ची आणून दिलीय. मी तिथेच पायरीवर बसून हे लिहितेय.

तुझी ताई